गुडघा बरा झाला, नऊ नंबर कुठाय?

सर, नमस्कार.

मी कोल्हापूरचा. वय २३. पेठेतल्या तालमीच्या टीममधून चार सीझन स्ट्रायकर खेळतोय, नऊ नंबर घालून. गेल्याच्या गेल्या सीझनला, मार्चमध्ये, सेमीफायनलला थ्रू पासवर पळताना आत वळलो, बूट जमिनीत रुतला आणि डाव्या गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मधलं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं, आतली गादीही थोडी फाटली होती. मेमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मागचा अख्खा सीझन बाहेर बसून काढला.

या डिसेंबरपासून परत खेळतोय. आतापर्यंत ९ मॅच झाल्या. तीन सुरुवातीपासून, बाकी शेवटची पंधरा-वीस मिनिटं. गोल एक, तोही पेनल्टीवर. दुखापतीच्या आधी त्याच सीझनमध्ये माझे १४ गोल होते. फिजिओ म्हणतात गुडघा ठीक आहे. पण मोठ्या डीत, गोलसमोरच्या चौकटीत, बॉल आला की पहिला टच लांब जातो. बाजूनं क्रॉस येताना गोलच्या जवळच्या पोस्टला जायचं कळतं, पण जात नाही. गॅलरीतून ओरडतात, "काढा रं त्या लंगड्याला." रात्री झोप येत नाही, मग जुन्या गोलांचे व्हिडिओ बघत बसतो. शिरोलीत फाउंड्रीत नोकरी आहे. आई म्हणते, आता पुरे, तिकडं लक्ष दे.

माझा फॉर्म परत येईल का, की बूट ठेवून देऊ? खरं सांगा.

तुमचा, नऊ नंबर

* * *

प्रिय नऊ नंबर,

तुझं पत्र वाचलं आणि एका वाक्यापाशी थांबलो. "जवळच्या पोस्टला जायचं कळतं, पण जात नाही." गोल किती, मॅच किती, गॅलरी काय म्हणते, हे सगळं मी थोडा वेळ बाजूला ठेवतो. तुझं दुखणं या वाक्यात आहे आणि ते तू स्वतःच लिहिलंयस.

फॉर्म गेलेला स्ट्रायकर वेगळा असतो. तो पोस्टला जातो, बॉल पायाला लागतो आणि गोलच्या आडव्या दांड्यावरून जातो. तू जातच नाहीस. म्हणजे तुझी फिनिशिंग, बॉल जाळीत घालायची हातोटी, बिघडली की नाही हे अजून कुणाला कळलेलंच नाही, तुलासुद्धा नाही. फिनिशिंगची वेळ येते त्या जागी तू पोचलेला नसतोस. आणखी एक पाहिलं. एवढ्या पत्रात 'भीती' हा शब्द कुठंही नाही. आपल्याकडं तो लिहायची पद्धत नाही, मला माहीत आहे. मीही याच मातीतला.

आता पहिला टच लांब का जातो ते सांगतो. यात तुझ्या कौशल्याचा दोष फार थोडा आहे.

लिगामेंट म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा नुसता दोर नव्हे. त्याच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा किती वाकलाय, किती वळलाय, भार कुठं पडलाय, याची खबर ती सतत मेंदूला देत असतात. म्हणून धडधाकट खेळाडूला पायाकडं बघावं लागत नाही. लिगामेंट तुटलं की ही खबर देणारी माणसंही त्याच्याबरोबर जातात. ऑपरेशनमध्ये तुझ्याच अंगातला दुसरा टेंडन, स्नायू हाडाला बांधणारा पट्टा, घेऊन तिथं बसवतात. तो मजबूत असतो, पण नवीन दोराला ताकद आहे, कान नाहीत. मग मेंदू काय करतो? आतून खबर येईना म्हणून डोळ्यांकडं मागतो. नकळत नजर खाली जाते, जमिनीवर, पायाकडं, समोरच्या स्टॉपरच्या, म्हणजे तुला अडवणाऱ्या बचावपटूच्या, बुटाकडं.

आणि स्ट्रायकरचं सगळं भांडवल डोळ्यांतच असतं. बॉल येण्याआधी खांद्यावरून एकदा मागं बघायचं, स्टॉपर कुठल्या पायावर उभा आहे ते टिपायचं, गोलकीपर अर्धा पाऊल पुढं आलाय का ते पाहायचं. हे डोळे गुडघ्याच्या राखणीला बसले तर बॉल उशिरा दिसतो. उशिरा दिसला की पाय घाईनं पुढं येतो, आणि घाईच्या पायावरून बॉल लांब जातो. गॅलरीला दिसतं की याचा टच गेला.

घरी करून बघ. भिंतीच्या जवळ, हात टेकता येईल असा, अनवाणी उभा राहा. उजव्या पायावर, डोळे उघडे, तीस सेकंद. मग डोळे मिटून. मग हेच डाव्या पायावर. डोळे मिटल्यावर डावा पाय उजव्यापेक्षा जास्त डगमगला, तर मी काय म्हणतोय ते तुला वाचून नाही, तळपायातून कळेल.

आता तुझ्या फिजिओंचं 'ठीक'. चालायला ठीक? पळायला? की ७० मिनिटं खेळून झाल्यावर थकलेल्या पायानं झटकन वळायला ठीक? ही तीन निरनिराळी ठीकं आहेत. त्यांना आकडे विचार. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद उजव्याच्या तुलनेत किती टक्के? मागच्या स्नायूची किती, विशेषतः टेंडन तिथूनच घेतला असेल तर? एका पायावर एक उडी, एका पायावर सलग तीन उड्या, दोन्ही पायांची अंतरं किती? ढोबळ पट्टी अशी की डावा पाय उजव्याच्या निदान नव्वद टक्के हवा. पण यातही गोम आहे. दीड वर्षात तुझा उजवा पायही काही व्यायामशाळेत नव्हता, तोही उतरलाय. उतरलेल्या पायाशी बरोबरी करून नव्वद टक्के मिळाले म्हणून पेढे वाटू नकोस. जुने आकडे कुणी लिहून ठेवलेत का बघ. आपल्या टीममध्ये असं कुणी लिहून ठेवत नाही, हे माहीत असूनही विचारतोय. वाटीपासून वर एक वीत मोजून दोन्ही मांड्यांना टेप लाव. त्यानं ताकद कळत नाही, पण मांडी किती सुकलीये ते दिसतं.

आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघायचा. सुजलाय? गरम लागतोय? पायरी उतरताना अडतोय? असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला, एवढाच त्याचा अर्थ. तोंडानं आपण खोटं बोलतो, सूज बोलत नाही.

मी कुठून बोलतोय तेही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात मीही फॉरवर्ड खेळायचो. गुडघा मुरगळला, कुणी म्हणालं शीर सरकली, कुणी तेल चोळलं, आणि चार महिन्यांनी क्रेप बँडेज करकचून आवळून मी मैदानात उतरलो, कारण फायनल होती आणि मंडळाची पोरं घरी बोलवायला आली होती. विसाव्या मिनिटाला गुडघा पुन्हा गेला. ना धक्का, ना टॅकल. दोष कुणाचाच नव्हता, हो मीच म्हणालो होतो. नंतर चार वर्षं खेळलो खरा, पण गर्दीत कधी शिरलो नाही. बाहेरबाहेर फिरून क्रॉस टाकायचो आणि लोकांना सांगायचो की मी आता विंगर झालोय. तू अजून विंगर झाला नाहीस. म्हणून हे पत्र लांबवतोय.

आता एक मॅच आठवू या. तू तेव्हा जन्मलाही नसशील. ३० जून २००२, रविवार, आपल्याकडं दुपारचे साडेचार. गल्लीत एकाच घरी मोठा रंगीत टीव्ही, दारात चपलांचा ढीग, अर्धी गल्ली ब्राझीलची, अर्धी जर्मनीची. ब्राझीलचा नऊ नंबर रोनाल्डो. त्या पोराचं काय झालं होतं ते तुला माहीत हवं.

२१ नोव्हेंबर १९९९ ला इंटर मिलानकडून लेचेविरुद्ध खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन फाटला. ऑपरेशन झालं. १२ एप्रिल २००० ला इटालियन कपच्या फायनलमध्ये, लात्सिओविरुद्ध, तो बदली खेळाडू म्हणून उतरला. सहा-सात मिनिटं झाली असतील. बॉल पायात, समोर बचावपटू, आणि ती त्याची नेहमीची बॉलवरून पाय फिरवायची चाल करता करता तो खाली बसला. कुणी हात लावला नव्हता. टेंडन यावेळी पूर्ण तुटला. पुढचा सबंध सीझन गेला. २००१-०२ ला परतला, पण लीगचे सामने मिळाले दहा. ५ मे २००२ ला, सीझनच्या शेवटच्या दिवशी, इंटर लात्सिओकडून ४-२ हरली, हातातली लीग गेली, आणि रोनाल्डो बाकावर बसून रडताना जगानं पाहिला. तिथून आठ आठवड्यांनी योकोहामातली ती फायनल.

ही गोष्ट सांगताना सगळे आकडा सांगतात. आठ गोल, विश्वचषक. मला त्या फायनलमधला पहिला गोल सांगायचाय, ६७ वं मिनिट. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान. तोवर आख्ख्या स्पर्धेत त्यानं एकच गोल खाल्लेला. रोनाल्डोच्या पायातून बॉल गेला. तो पडला. उठला, हामानच्या मागं लागून बॉल परत हिसकला, रिवाल्डोला दिला. रिवाल्डोनं लांबून मारला. कानच्या हातून बॉल सुटला. आणि तिथं कोण उभा? बॉल देऊन झाल्यावर थांबला नव्हता तोच. अगदी जवळून साधा टच, जो आपल्या तालमीतलं पंधरा वर्षांचं पोरही मारेल. त्यात ती जुनी चाल नाही, चौघांना चकवणं नाही, इंटरला येण्याआधीचा तो वाऱ्यासारखा पळणारा पोरगा तर नाहीच नाही. तो पोरगा गुडघ्याबरोबर गेला होता. उरला होता तो बॉल सुटेल या हिशेबानं पोचून राहणारा माणूस. दुसरा गोल ७९ व्या मिनिटाला आला, तो देखणा होता. पण पहिला नसता तर दुसऱ्याला कोण विचारतंय.

(जाता जाता. त्यानं डोक्यावर पुढं अर्धचंद्र ठेवून बाकी सगळं भादरलं होतं. तो पुढं म्हणाला की लोक पायाच्या दुखण्याबद्दलच बोलत होते, त्यांचं लक्ष तिकडून काढायला तसं केलं. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी सोमवारी तोच कट मारला आणि संध्याकाळी वडिलांचा मार खाल्ला. तू काही तसलं करू नकोस. लक्ष दुसरीकडं वळवायचं, एवढी युक्ती मात्र ध्यानात ठेव.)

दुसरा माणूस तुझ्या जास्त जवळचा आहे, कारण त्याचं दुखणं तुझंच होतं. डावा गुडघा, एसीएल. कोलंबियाचा राडामेल फाल्काव. जानेवारी २०१४ मध्ये मोनाकोकडून फ्रेंच कपमध्ये, खालच्या स्तरातल्या एका टीमविरुद्ध खेळताना तो जखमी झाला. त्या उन्हाळ्यातला विश्वचषक हुकला. मग मँचेस्टर युनायटेडनं उसना घेतला. सबंध सीझनमध्ये लीगचे गोल चार. मग चेल्सी, तिथं गोल एक. एक, नऊ नंबर! तुझ्याएवढाच, आणि पगार म्हणशील तर आपल्या पेठा विकत घेईल इतका. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याला संपवून टाकलं. तो मोनाकोला परत गेला आणि २०१६-१७ च्या सीझनमध्ये लीगमध्ये २१ गोल केले, टीम फ्रान्सची विजेती झाली. शेजारी अठरा वर्षांचा एम्बापे पळत होता. पळायचं काम त्या पोरावर सोडून फाल्काव डीमध्ये योग्य जागी उभा राहायला शिकला होता. विश्वचषकातला त्याचा पहिला गोल २०१८ मध्ये पोलंडविरुद्ध आला.

हिशेब कर. दुखापतीपासून खऱ्या बहरापर्यंत अडीच-तीन वर्षं. तुझ्या ऑपरेशनला दोन वर्षंही झालेली नाहीत आणि तू नऊ मॅचमध्ये निकाल मागतोयस.

खरं सांगा म्हणालास, म्हणून उलट बाजूही. मायकल ओवेनच्या मांडीचा मागचा स्नायू १९९९ मध्ये, एकोणीसच्या वयात, लीड्सविरुद्ध पळताना फाटला. त्यानंतरही त्यानं युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००१ चा बॅलन डी'ओर घेतला. पण पुढं दुखणी वाढत गेली, आणि निवृत्तीनंतर त्यानं उघड कबूल केलं की शेवटची सहा-सात वर्षं मोकळ्या जागेत जोरात पळायलाच तो घाबरायचा, आता स्नायू जाणार असं वाटायचं, म्हणून बॉल मागायला तिकडं जायचाच नाही. वाचलंस? जायचाच नाही. तुझंच वाक्य. आणि आपल्याकडचा जेजे लालपेखलुआ, भारतासाठी २३ गोल केलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनपायी २०१९-२० चा सीझन गेला, नंतर पूर्वीचा बहर आलाच नाही. तो २०२३ मध्ये मिझोराममध्ये आमदार झाला. तेव्हा येईलच असं वचन मी तुला देणार नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा.

मग करायचं काय. गोल मोजायचं बंद कर. सीझन संपेपर्यंत आकडा पोचण्याचा ठेवायचा. पत्रात धाकटा भाऊ आहे की नाही लिहिलं नाहीस. भाऊ नसेल तर गल्लीतलं एखादं भरवशाचं पोरगं पकड. त्याला वही दे आणि गोलच्या मागं उभं कर. क्रॉस आला, नऊ नंबर जवळच्या पोस्टला पोचला, एक रेघ. बॉल मिळो न मिळो. कुणाचा शॉट गेला, नऊ नंबर उडालेल्या बॉलसाठी आत पळाला, एक रेघ. आत गेला नाही, शून्य. बास. गोल झाला तरी तो न पोचता झाला असेल तर रेघ नाही. पहिल्या मॅचला तीन रेघा येतील आणि तुला लाज वाटेल. येऊ देत.

सरावात हेच पायरीपायरीनं. पहिला आठवडा बॉलच नको. जोडीदार हात वर करेल तेव्हा पोस्टला पळायचं, पोचताना त्यानं बोटं दाखवायची, दोन की चार, तू ओरडून सांगायचं. वेडेपणा वाटेल, पण यात डोळे गुडघ्यापासून उचलले जातात आणि पायाला स्वतःचं काम स्वतः करावं लागतं. मग हातानं टाकलेला बॉल. मग पायानं मारलेला क्रॉस. मग एक स्टॉपर, नुसता उभा. मग तोच स्टॉपर खांदा लावणारा, पण आधी सांगून. शेवटी न सांगता. प्रत्येक पायरीला दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायची, मगाशी सांगितली तशी. टीमला एकत्र वॉर्मअप करायला लाव. फिफाचा '११ प्लस' म्हणून वीसेक मिनिटांचा ठरलेला वॉर्मअप आहे, फुकट मिळतो, सामान लागत नाही, आणि दुखापती कमी होतात हे अनेक देशांत तपासलेलं आहे. आपल्याकडं वॉर्मअप म्हणजे दोन फेऱ्या आणि गोलवर धडाधड बॉल मारणं.

कोचशी बोल. शेवटच्या पंधरा मिनिटांत उतरणं ही परतणाऱ्या माणसासाठी सर्वांत वाईट जागा आहे. बाकावर बसून अंग थंड झालेलं असतं. टीम बहुधा मागं असते, म्हणून मागून नुसते लांब बॉल येतात. थकलेले स्टॉपर उशिरा पाय घालतात. आणि सगळ्या मैदानाला तुझ्याकडून चमत्कार हवा असतो. त्यापेक्षा सुरुवातीची तीस मिनिटं माग, गोल आला तरी, नाही आला तरी तिसाव्या मिनिटाला बाहेर. पुढं पंचेचाळीस. असं म्हण: "दादा, मला उशिरा उतरवू नका. सुरुवातीचा अर्धा तास द्या आणि मी म्हणालो तरी पुढं ठेवू नका." शेवटचा तुकडा महत्त्वाचा. मी म्हणालो तरी. कारण तू म्हणशील, मीही म्हणालो होतो. नॉकआउट मॅचला कोच ऐकणार नाहीत, तेही खरं. मग मैत्रीच्या मॅच माग, आठवड्याला एक.

गॅलरीचं काय? शाहू स्टेडियमची गॅलरी मी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पाहिलीये. विश्वचषकाला मेस्सी-नेमारचे कटआउट पेठेत उभे करणारे हेच लोक, आणि स्वतःच्या गल्लीतल्या पोराला लंगडा म्हणणारेही हेच. ज्यानं ओरडलं तो उद्या चहाच्या गाड्यावर तुझ्या खांद्यावर हात टाकून गुडघ्याची चौकशी करणार आहे, आणि ती चौकशीही खरी असणार आहे. त्यांना बदलायला जाऊ नकोस, उत्तरही देऊ नकोस. तिथं वही घेऊन तुझं पोरगं उभं आहे, तुझी गॅलरी तेवढीच.

रात्रीचे व्हिडिओ मी बंद कर म्हणणार नाही, ऐकणार नाहीस. बघायचेच तर असे बघ: बॉल जाळीत जायच्या आधीचे दहा सेकंद. तू कुठून निघालास, केव्हा मागं पाहिलंस, कुणाच्या पाठीमागून सरकलास. गोल झाला की तिथंच थांबव, जल्लोष बघायचा नाही. आणि हे दुपारी. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. झोप नसेल तर स्नायूची झीज भरून निघत नाही.

काही गोष्टी तोडून सांगतो. मॅचआधी दुखणं दाबणारं इंजेक्शन किंवा गोळी नको. गुडघ्यातून आधीच खबर कमी येतेय, उरलेलीही दाबून टाकायची का? रात्रीच्या टर्फवरच्या पैजेच्या मॅच नकोत, पाच जणांच्या खेळात सगळं वळणंच वळणं असतं. उन्हाळ्यात मैदान वाळून टणक होतं, तेव्हा लांब ब्लेडचे बूट घालू नकोस. बूट रुतला आणि अंग वळलं, हेच तर झालं होतं मागं. आखूड आणि जास्त स्टडचे घे. तालमीतले वस्ताद पाचशे बैठका सांगतील. त्यांना नमस्कार कर, पण गादी फाटली होती हे सांग, आणि खोल बैठक किती, केव्हापासून, हे फिजिओंकडूनच ठरवून घे. वस्तादांच्या काळी गादी म्हणजे फक्त झोपायची किंवा कुस्तीची.

आणि खेळायची मानसिक तयारी मोजणारी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, खास एसीएलच्या ऑपरेशननंतरची. फिजिओंकडं माग. बारापैकी बरेचसे प्रश्न आत्मविश्वासाचे आणि भीतीचे आहेत. त्यात तुला तो शब्द लिहावा लागणार नाही, फक्त आकड्यावर खूण करायची आहे. ती जमेल.

आईचं राहिलं. ती 'पुरे' म्हणतेय ते फुटबॉलला म्हणतेय असं मला वाटत नाही. तुला स्ट्रेचरवरून नेताना तिनं पाहिलंय, किंवा कुणीतरी फोनवर सांगितलंय, जे जास्त वाईट. तिला मॅचला नेऊ नकोस. सकाळच्या सरावाला ने, जिथं गॅलरी रिकामी असते, आणि तुला एका पायावर उडी मारताना बघू दे. फाउंड्री सोडू नकोस, उभ्यानं काम असेल तर मॅचच्या आदल्या दिवसाची पाळी बदलून घेता येते का विचार. नोकरी असलेला स्ट्रायकर निवांत खेळतो, हे मी पुष्कळ पोरांत पाहिलंय.

बूट ठेवून द्यायचे का, याचं उत्तर आज देत नाही. सीझन संपला की सहा आठवडे मॅच बंद, फक्त ताकद. मग चाचणी पुन्हा. ताकद पुरेशी आली, वहीतल्या रेघा वाढत गेल्या आणि तरी बॉल जाळीत जात नसेल, तर मग आपण फिनिशिंगबद्दल बोलू, ते शिकवता येतं. ताकद आली आणि रेघाच वाढल्या नाहीत, तर मला लिही, तेव्हा दुसरं पत्र लागेल, थोडं अवघड.

चाचणीचे आकडे आले की कळव. डाव्याचे आणि उजव्याचे, दोन्ही.